मेलेल्या बैलाची फिर्याद कोण घेणार?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



२०२५ सालच्या जानेवारी महिन्यात लातूर जिल्ह्यातील उदगीर शहरात कावळे मरून पडू लागले. नागरिकांनी कळविले, पशुसंवर्धन खात्याची माणसे आली, मृत पक्षी गोळा झाले आणि त्यांचे नमुने भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेपर्यंत पोचले. काही दिवसांतच अहवाल आला : बर्ड फ्लू. लगोलग भोवतालचा दहा किलोमीटरांचा परिसर सतर्कता क्षेत्र म्हणून जाहीर झाला. त्याच महिन्यात अहमदपूर तालुक्यातील ढाळेगाव येथे सुमारे ४,२०० कोंबडीची पिल्ले दोन-तीन दिवसांत दगावली. त्यांचेही नमुने पुण्याला औंधच्या प्रयोगशाळेकडे रवाना झाले. महिनाअखेरीस नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात किवळा येथेही बर्ड फ्लू आढळला आणि तेथेही हेच निर्बंध आले.

शासनयंत्रणेने हे केले ते योग्यच केले. कावळा कोणाच्या मालकीचा नाही, त्याच्या मृत्यूने कोणाचे दिवाळे निघत नाही. तरीही त्याच्या मृत्यूचे कारण शोधले गेले, कारण तो रोग कोंबड्यांना आणि प्रसंगी माणसालाही गाठू शकतो. ज्याअर्थी हे कावळ्याच्या बाबतीत घडू शकले, त्याअर्थी मृत्यूचे कारण शोधण्याचे शास्त्र या देशात आहे, प्रयोगशाळा आहेत, माणसे आहेत आणि इच्छा असेल तेव्हा गतीही आहे. प्रश्न उरतो तो निराळाच. त्याच उदगीर-अहमदपूर पट्ट्यात, कंधार-मुखेडच्या माळावर संध्याकाळी धडधाकट असलेला बैल सकाळी दावणीत मरून पडतो, तेव्हा काय होते? बहुधा काहीच होत नाही. शेजारी जमतात, हळहळतात. कोणी म्हणतो साप चावला, कोणी म्हणतो काहीतरी खाल्ले, कोणी दबक्या आवाजात म्हणतो कोणीतरी घातले. दुपारपर्यंत बैल पुरला जातो किंवा ओढ्याकाठी ओढून टाकला जातो, आणि त्याच्याबरोबर त्याच्या मृत्यूचे कारणही मातीआड जाते.

आजचा विषय हा आहे. वरवर पाहता तो पशुवैद्यकाचा वाटतो. वस्तुतः तो अर्थकारणाचा आणि सत्तेचा आहे.

एक बैल म्हणजे काय

या भागाची स्वतःची जनावरे आहेत. उदगीर परिसराची देवणी आणि कंधार परिसराची लाल कंधारी या गोवंशाच्या दोन नामांकित जाती याच दोन जिल्ह्यांच्या मातीत घडल्या. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात किंवा माळेगावच्या यात्रेत चांगल्या जोडीला जी किंमत पडते, ती कोरडवाहू शेतकऱ्याच्या वर्षभराच्या निव्वळ उत्पन्नाहून अधिक असू शकते. ट्रॅक्टर आला हे खरे. परंतु तीन-चार एकरांच्या धन्याला पाळीकोळपणीसाठी अजून बैलच लागतो, आणि भूमिहीन मजुराच्या घरी दोन शेळ्या असतात त्या त्याची बँक असतात. लग्न, आजारपण, शाळेची फी यांपैकी काहीही आले की त्यातली एक विकली जाते. अशा घरातला बैल मेला म्हणजे त्या घराचे उत्पादनाचे साधन आणि बचत ही दोन्ही एका रात्रीत नाहीशी होतात. कारखान्याचे यंत्र अकस्मात मोडले तर अभियंता येतो, विम्याचा निरीक्षक येतो, कारणाचा लेखी अहवाल होतो. शेतकऱ्याचे यंत्र मोडते तेव्हा 'नशीब' हाच त्याचा अहवाल असतो.

कारण एक नसते

अकस्मात मृत्यूची कारणे अनेक असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो, हे कार्यकर्त्याने नीट समजून घेतले पाहिजे. त्यावाचून पुढचा सारा युक्तिवाद हवेत राहील.

पहिले उदाहरण ज्वारीचे. पावसाने ताण दिला की ज्वारीचे कोवळे पीक खुरटते. काढणीनंतर बुडख्यांना नवे फुटवे येतात. या कोवळ्या, खुरटलेल्या ज्वारीत एक द्रव्य साठते आणि जनावराच्या कोठीपोटात गेल्यावर त्यातून सायनाइडचे विष मोकळे होते. शेतकरी याला 'किराळ लागणे' म्हणतात. भुकेले जनावर अशा रानात शिरले तर काही मिनिटांत ते कोसळू शकते. रक्तात प्राणवायू असतो, पण पेशींना तो वापरता येत नाही. म्हणून अशा जनावराचे रक्त लालभडक दिसते. वेळेवर डॉक्टर पोचला तर यावर उतारा आहे. आणि प्रतिबंधाला तर छदामही लागत नाही : पीक फुलोऱ्यात येईपर्यंत जनावर त्यात सोडू नये, चारा नीट वाळवून मगच घालावा.

आता दुसरे जनावर घ्या. नत्रखताचा भरपूर मारा झालेल्या रानातला चारा किंवा तण त्याने खाल्ले आहे. तेही धापा टाकत मरते. पण नायट्रेटच्या विषबाधेत रक्त तांबूस-तपकिरी होते. तिसरे जनावर फवारणीच्या पिपातले पाणी प्यायले आहे. त्याच्या तोंडातून लाळ गळते, स्नायू थरथरतात. चौथ्याला वीज लागली आहे. पाचव्याने खळ्यावर धान्याच्या राशीत तोंड घातले आहे आणि पोटातील आम्ल वाढून ते गेले आहे.

मग येतात साथीचे रोग. घटसर्पात घसा सुजतो, श्वास घरघरतो. पावसाळ्याच्या तोंडावर त्याची लस द्यावयाची असते. फऱ्या हा रोग नेमका तरण्याबांड, धष्टपुष्ट जनावराला गाठतो. मांडीफऱ्यावर सूज येते आणि दाबली असता आत चरचर आवाज येतो. आणि सर्वांत भयंकर अँथ्रॅक्स, ज्याला गावोगाव फाशी किंवा काळपुळी म्हणतात. यात जनावर पटकन मरते, नाकातून व गुदद्वारातून न गोठणारे काळसर रक्त येते. असे जनावर फाडावयाचेच नसते. फाडले की जंतू हवेशी संपर्क येऊन बीजरूप धारण करतात आणि त्या मातीत अनेक दशके टिकून राहतात. म्हणून केवळ कानाच्या शिरेतील रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेऊन तपासावयाचा आणि प्रेत चुना टाकून खोल पुरावयाचे, हा नियम आहे.

या यादीवरून एक गोष्ट स्पष्ट होते. मृत जनावर हा पुरावा असतो आणि तो पुरावा फार थोडा वेळ टिकतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात काही तासांत प्रेत फुगते. सायनाइड तर उडूनच जाते. कोठीपोटातील चारा ताबडतोब हवाबंद डब्यात घेऊन थंड ठेवला तरच प्रयोगशाळेला काही सांगता येते. नांदेडहून पुणे चारशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. म्हणजे डॉक्टर सकाळी पोचला नाही तर अहवालाचा प्रश्नच मिटतो. आणि घटसर्पाने मेलेल्या बैलाला 'किराळ लागली' म्हणून पुरले, तर आठवड्याभरात शेजारचे दोन गोठे रिकामे होऊ शकतात. उलट, किराळीने मेलेल्या जनावराला साथ समजले तर साऱ्या गावाला विनाकारण धडकी भरते आणि ज्वारीचे ते रान तसेच उघडे राहते.

कारण न शोधण्याची किंमत कोण देतो

चौकशी होत नाही तेव्हा तिची जागा रिकामी राहत नाही. ती संशय घेतो. आणि संशय नेहमी उतारावरून वाहतो, दुबळ्याच्या दारात जाऊन थांबतो. इंग्रजी अमदानीत एकोणिसाव्या शतकात उत्तर हिंदुस्थानात गुरे मोठ्या प्रमाणावर मरत, तेव्हा चामड्याच्या लोभाने गुरांना सोमल घातला जातो असा आळ कातड्याचे काम करणाऱ्या जातींवर सर्रास घेतला गेला, लोकांवर खटले भरले गेले. १८७१ च्या गुरांच्या साथीविषयीच्या आयोगाने बुळकांड्यासारख्या रोगांची व्याप्ती नोंदविल्यावरही तो संशय सरला नाही. मराठवाड्याला भानामतीचे नाव नवे नाही. ज्या गावात एकापाठोपाठ तीन म्हशी मरतात आणि कोणीही कारण सांगत नाही, त्या गावात करणी करणारी म्हातारी शोधण्याचा धोका असतोच. २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, ही मोठीच गोष्ट. तथापि, कायदा मांत्रिकाला शिक्षा करू शकतो; म्हैस का मेली हे सांगू शकत नाही. ते शवविच्छेदनाचा अहवालच सांगू शकतो. अंधश्रद्धा निर्मूलनाचे अर्धे काम पशुवैद्यकीय दवाखान्यात व्हावयाचे असते.

दुसरी किंमत दिली ती जातिव्यवस्थेने खाली दडपलेल्यांनी. मेलेले ढोर ओढणे व फाडणे हे काम पिढ्यान्‌पिढ्या अस्पृश्य मानलेल्या जातींवर लादले गेले. गावातील जनावर कशाने मेले हे त्याचे काळीज-फुप्फुस पाहून ओळखण्याचे ज्ञान त्यांच्यापाशीच होते, आणि त्याच कामात काळपुळीचा फोड हातावर उठण्याचा धोकाही त्यांच्याच वाट्याला होता. ज्ञानाला मान नाही आणि धोक्याला मोबदला नाही, असा तो सौदा होता. १९२७ साली महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे मृतमांस आणि ही घाणेरडी कामे टाकून देण्याचा आदेश दिला, तो मनुष्यत्वाचा आदेश होता. समाजाने त्यानंतर काय करावयाला हवे होते? ते काम यंत्र, वाहन, हातमोजे, वेतन आणि शास्त्र यांच्यासह सार्वजनिक सेवा म्हणून उभे करावयाला हवे होते. बहुतेक गावांनी ते केले नाही. ढोरफोडीची जागा ओस पडली आणि तिच्या जागी ओढ्याकाठचा उकिरडा आला, कुत्री आली.

गिधाडेही राहिली नाहीत. त्यांची कथा तपासाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. गिधाडे झपाट्याने नाहीशी होऊ लागली तेव्हा आधी संशय एखाद्या विषाणूवर होता. मृत गिधाडांचे चिकाटीने शवविच्छेदन केल्यावर त्यांची मूत्रपिंडे निकामी झालेली आढळली आणि २००४ साली पाकिस्तानातील संशोधनातून खरा गुन्हेगार पुढे आला : जनावरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक. २००६ साली भारताने त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. पहिला अंदाज चुकीचा होता. पण प्रेते तपासली गेली म्हणून तो चुकीचा ठरला.

ज्याची भरपाई, त्याचीच नोंद

आता अर्थशास्त्राच्या मुद्द्याकडे येऊ. एकाच किमतीचे दोन बैल एकाच दिवशी मरतात. एकाला वीज लागली. तलाठ्याचा पंचनामा होतो, नैसर्गिक आपत्तीच्या निकषानुसार धन्याला मदत मिळते. दुसरा किराळीने मेला. त्याच्या धन्याला काहीच नाही. म्हणजे मृत्यूचे कारण ही केवळ शास्त्रीय माहिती नाही, तो पैशाचा निवाडा आहे. ज्या निवाड्यावर कुटुंबाचे पुढचे वर्ष अवलंबून आहे तो निवाडा पुराव्यावाचून होत असेल, तर तेथे वशिला शिरणार हे सांगण्यास भविष्यवेत्ता नको.

लंपीच्या साथीने याची दुसरी बाजू दाखविली. २०२२ च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात रावेर तालुक्यातील चिनावल येथून त्या वर्षीच्या साथीची सुरुवात झाली आणि पाहता पाहता ती राज्यभर, लातूर-नांदेडच्या गोठ्यांपर्यंत पसरली. सप्टेंबरात जनावरांचे बाजार बंद झाले, वाहतुकीवर निर्बंध आले, शेळ्यांच्या देवीवरील लस गोवंशाला मोठ्या प्रमाणावर टोचली गेली. आणि शासनाने मृत गाईमागे ३० हजार, बैलामागे २५ हजार व वासरामागे १६ हजार रुपये देण्याचे ठरविले. ही रक्कम बाजारभावाच्या तुलनेत तोकडी होती. तरीही तिचा एक परिणाम लक्षात घेण्याजोगा आहे. भरपाई जाहीर होताच मृत्यू कळविण्यात शेतकऱ्याचा फायदा झाला. गोठ्यातली मरणे शासनाच्या कागदावर आली. शेतकरी माहिती दडवितो अशी जी तक्रार केली जाते, तिचे उत्तर येथे आहे. माहिती दिल्याने केवळ तोटा होत असेल तर माणूस ती दडवितो. न्याय मिळत असेल तर स्वतः होऊन देतो.

कुक्कुटपालनात हा पेच अधिकच कठीण आहे. २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे सुमारे ८०० कोंबड्या मेल्या आणि भोपाळच्या अहवालाने बर्ड फ्लू असल्याचे निश्चित झाले. लातूर जिल्ह्यातील केंद्रेवाडी परिसरातही तेव्हा सतर्कता क्षेत्र जाहीर करावे लागले होते. अशा वेळी शासकीय भरपाई असते ती यंत्रणेने नष्ट केलेल्या पक्ष्यांची. रोगाने आधीच मेलेल्यांची नव्हे. कराराने चालणाऱ्या ब्रॉयलर व्यवसायात तर पिल्ले कंपनीची, खाद्य कंपनीचे, औषध कंपनीचे. शेतकऱ्याचे फक्त शेड, वीज, पाणी आणि कष्ट. पक्षी अकस्मात मेले तर दोष रोगाचा, खाद्याचा, पिल्लांचा की निगराणीचा, हा प्रश्न दोन्ही पक्षांत उभा राहतो. त्याचा निर्णय करारातील बलवान पक्षाच्या माणसाने द्यावा, हे न्यायाच्या प्राथमिक तत्त्वाविरुद्ध आहे. येथे स्वतंत्र, शासकीय तपासाला पर्याय नाही.

खाजगी बाजार ही सेवा देईल काय? देणार नाही. आजारी जनावर बरे करण्यासाठी शेतकरी कर्ज काढूनही पैसे देईल. मेलेल्या जनावराच्या तपासासाठी तो आणखी हजार रुपये का खर्च करील? त्याचा बैल तर गेला. त्या तपासाचा लाभ होणार तो शेजाऱ्याला, गावाला, जिल्ह्याला. ज्या वस्तूचा खर्च एकाचा आणि लाभ सर्वांचा असतो, ती बाजारात पिकत नाही. ती समाजाने सामाईक खर्चानेच निर्माण करावयाची असते. हा विचार नवा नाही. १८८९ साली पुण्यात स्थापन झालेली, पुढे मुक्तेश्वरला हलविलेली जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा परकीय सरकारनेही सरकारी खर्चानेच उभारली होती. स्वतंत्र भारताने सार्वजनिक लसीकरणाच्याच बळावर बुळकांड्या हद्दपार केला. २०११ मध्ये तो रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. सार्वजनिक पशुवैद्यकाचे हे यश आहे आणि आपल्या चळवळीने ते अभिमानाने सांगितले पाहिजे.

यंत्रणा आहे, हक्क नाही

कायद्याची उणीव नाही. प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांविषयीचा २००९ चा केंद्रीय कायदा अनुसूचित रोगाचा संशय येताच मालकाने व ग्रामपंचायतीने कळवावे असे बंधन घालतो. पण शेतकऱ्याने कळविल्यावर शासनाने किती तासांत यावे आणि किती दिवसांत कारण सांगावे, याचे तितकेच कडक बंधन गावाच्या अनुभवास येत नाही. राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ साली दर पाच हजार पशुघटकांमागे एक पशुवैद्य असावा अशी शिफारस केली होती. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ३९ लाख गोवंश होता. केवळ तोच हिशेबात धरला तरी सुमारे २,८०० पशुवैद्य लागतात, म्हशी आणि शेळ्यामेंढ्या वेगळ्याच. जिल्हा परिषदांच्या दवाखान्यांत मात्र वर्षानुवर्षे श्रेणी-१ मध्ये पदवीधर डॉक्टर आणि संख्येने अधिक असलेल्या श्रेणी-२ मध्ये पदविकाधारक पर्यवेक्षक अशी विभागणी चालत आली. दूरच्या तांड्यावरचे जनावर मेले की दाखला देण्याचा अधिकार असलेला माणूस तालुक्याला, आणि त्याच्याकडे दुसऱ्या दवाखान्याचा अतिरिक्त कार्यभार, हे दृश्य कोणाला अपरिचित आहे?

आणि तरी याच भागात परभणीला १९७२ पासून आणि उदगीरला १९८७ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. विद्या दाराशी आहे. तिला गोठ्यापर्यंत नेणारी वाट नाही.

कार्यकर्त्याचे काम

तेव्हा मागण्या नेमक्या असाव्यात. अकस्मात मेलेल्या प्रत्येक जनावराचा मोफत तपास हा मालकाचा हक्क मानला जावा आणि कळविल्यापासून ठरावीक तासांत पशुवैद्य येणे बंधनकारक असावे. अहवालाची प्रत मराठीत मालकाला आणि ग्रामपंचायतीला मिळावी. आज नमुना जातो, उत्तर परत येतच नाही, ही शेतकऱ्याची खरी तक्रार आहे. परभणी व उदगीरच्या महाविद्यालयांना दोन-तीन जिल्ह्यांच्या निदानाची जबाबदारी निधीसह द्यावी. ज्या मृत्यूत मालकाचा दोष नाही अशा सर्व मृत्यूंना भरपाईचे एकच सूत्र लागू करावे, मग कारण वीज असो वा घटसर्प. मृत जनावरांच्या विल्हेवाटीसाठी वाहन, खड्डा, चुना आणि सुरक्षेची साधने दिलेले वेतनी कर्मचारी असावेत; आणि हे काम पुन्हा कोणा एका जातीच्या माथी येणार नाही, यावर पक्षाने डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे.

परंतु मागणीपत्रावर काम संपत नाही. प्रत्येक शाखेने गावात एक वही ठेवावी. कोणाचे जनावर, केव्हा मेले, आदल्या दिवशी काय खाल्ले, कोठे चरले, रक्त कसे दिसले, कोणाला कळविले, कोण आले, काय उत्तर मिळाले, एवढे लिहावे. फाशीचा संशय असेल तर प्रेताला हात लावू देऊ नये आणि कातडे काढू देऊ नये. पावसाने ताण दिला की खुरट्या ज्वारीची सूचना गावात द्यावी. मृगापूर्वी घटसर्प-फऱ्याची लस गावात आली की नाही, हे जाऊन विचारावे. गावात कोणाच्या नावाने कुजबुज सुरू झाली तर त्याच दिवशी ती वही घेऊन त्या माणसाच्या दारात उभे राहावे.

वर्षाच्या अखेरीस अशा पन्नास गावांच्या वह्या जिल्हा परिषदेच्या पशुसंवर्धन समितीपुढे ठेवल्या, तर 'आमच्याकडे अशी नोंद नाही' हे उत्तर कोणालाही देता येणार नाही. माणसाच्या मृत्यूची नोंद व्हावी यासाठीही एके काळी झगडावेच लागले होते. कष्टकऱ्याच्या बैलासाठीही झगडावे लागेल, आणि त्याची सुरुवात येत्या पावसाळ्याआधीच, आपापल्या गावापासून, व्हावयाला हवी.